अपग्रेड कुणासाठी? फियाट १२४च्या मागच्या ब्रेकची गोष्ट

१९६६ साली इटलीतल्या फियाट कंपनीने '१२४' नावाची गाडी बाजारात आणली. दिसायला चौकोनी, डब्यासारखी, मध्यमवर्गीय कुटुंबासाठी केलेली. पण तिच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, आणि एवढ्या साध्या गाडीला चार डिस्क म्हणजे त्या काळात चैनच. १९६७चा 'युरोपियन कार ऑफ द इयर' हा मान तिलाच मिळाला. दरम्यान १९६६च्या ऑगस्टमध्येच फियाट आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला होता: हीच गाडी रशियात बनवायची आणि त्यासाठी व्होल्गा नदीकाठी तोल्यात्ती इथे नवा कारखाना उभारायचा. एप्रिल १९७० मध्ये त्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. नाव 'व्हीएझेड २१०१'. लोकांच्या तोंडी 'झिगुली', परदेशी बाजारात पुढे 'लाडा'. तिची पुढची चाकं उघडून पाहिली तर डिस्क. मागची उघडली तर ड्रम.

म्हणजे इटलीत चार वर्षांपूर्वी जे होतं, ते रशियात काढून टाकलं. आता तुम्ही सांगा, हे नेमकं काय झालं?

हा प्रश्न विचारला की उत्तरं ठरलेली येतात. पैसे वाचवले. तंत्र जमलं नाही. समाजवादी देशात ग्राहकाला कोण विचारतो! तिन्ही उत्तरं ऐकायला बरी वाटतात, पण पुराव्यासमोर फारशी टिकत नाहीत. पुढच्या डिस्क त्यांनी ठेवल्याच होत्या, तेव्हा तंत्र जमलं नाही असं म्हणता येत नाही. इंजिन तर मूळ फियाटपेक्षा आधुनिक बसवलं, कॅमशाफ्ट वर असलेलं. पैसेच वाचवायचे असते तर एवढा खटाटोप कशाला केला असता? तंत्रज्ञानाच्या इतिहासावर संशोधन करायचं मनात असेल तर ही गाडी नीट समजून घ्या, कारण 'अपग्रेड' हा शब्द आपण किती सहज वापरतो आणि तो किती गोष्टी झाकतो, हे या चार चाकांत दिसतं.

त्यासाठी आधी ब्रेक काय करतो ते पाहू. इंजिनिअरिंगवाल्यांनी हे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल.

ब्रेक गाडी थांबवतो असं आपण म्हणतो. खरं तर ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या पकडीमुळे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. धावत्या गाडीतली ऊर्जा कुठेतरी जायला हवी, आणि ब्रेक तिची उष्णता करतो. हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यात साधारण ३८६ किलोज्यूल ऊर्जा असते. तेवढ्या उष्णतेत सव्वा लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत जातं. आणि जोरात ब्रेक दाबला तर हे सगळं चार-साडेचार सेकंदांत. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते.

ड्रम ब्रेक म्हणजे चाकाबरोबर फिरणारा एक डबा. पेडल दाबलं की आतले चंद्रकोरीसारखे दोन शू बाहेर फाकतात आणि डब्याला आतून घासतात. तो सारखा तापत गेला की डबा फुगतो आणि शूपासून लांब जातो. तापलेल्या लायनरची पकडही घटते. पेडल खाली खाली जायला लागतं आणि ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतो. डिस्क म्हणजे उघडी थाळी. तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीसारखे आवळतात. ती तापली तरी तिची जाडी वाढते पॅडच्याच दिशेने, आणि वारा लागत असल्यामुळे ती लवकर निवतेही. इथपर्यंत डिस्क सरस. पण ड्रमचेही गुण आहेत. फिरता ड्रम पुढच्या शूला स्वतःच ओढून घेतो, त्यामुळे पायाने कमी जोर लावावा लागतो. हँडब्रेक बसवायला ड्रम सोपा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डबा जवळजवळ बंद असतो. उडालेली वाळू आणि चिखल सरळ घासणाऱ्या पृष्ठभागावर येऊन बसत नाही. त्यात भर म्हणजे ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या चाकांकडे जातं. मागच्या ब्रेकने फार जोर दाखवला तर उलट मागची चाकं लॉक होऊन गाडी गोल फिरते.

आता परत रशियात जाऊ. करार झाल्यावर फियाट १२४ गाड्या मॉस्कोजवळच्या दिमित्रोव्ह इथल्या चाचणी-मैदानावर नेल्या गेल्या आणि खडबडीत दगडी रस्त्यांवर, चिखलात, थंडीत पळवल्या गेल्या. बॉडीला तडे जायला लागले. आणि मागच्या डिस्क-पॅड वाळू आणि चिखलामुळे झपाट्याने झिजत असल्याचं दिसलं. मागच्या चाकांची अडचण समजण्यासारखी आहे. पुढची चाकं जे उडवतात ते मागे जातं, आणि मागच्या ब्रेकवर कामाचा भार कमी असल्यामुळे थाळी पुढच्यासारखी आपोआप घासून साफ होत नाही. मग मागे ड्रम आले. तेही जुने ओतीव लोखंडाचे जड ड्रम नव्हते. ॲल्युमिनियमचा ड्रम आणि आत घासण्यासाठी ओतीव लोखंडाचं कडं, म्हणजे हलका आणि उष्णता लवकर सोडणारा. मूळ गाडीत एकूण ८००हून अधिक बदल झाले असं सांगतात. हा त्यातला एक.

मागच्या चाकांकडे जाणारा दाब गाडीवरच्या वजनानुसार कमीजास्त करणारा एक छोटा झडपेचा डबा या गाडीत मागच्या ॲक्सलपाशी असतो. रशियन मेकॅनिकांनी त्याचं नाव ठेवलं 'कोल्दून', म्हणजे जादूगार. कारण तो आत काय करतो ते कुणालाच नीट कळायचं नाही! गॅरेजमधल्या अशा टोपणनावांकडे संशोधकाने जरूर लक्ष द्यावं. वापरणाऱ्याला यंत्राचा कोणता भाग समजला, कोणता अनाकलनीय राहिला, हे कंपनीच्या कागदांत सापडत नाही, ते असल्या शब्दांत सापडतं.

या घराण्यातल्या गाड्या २०१२पर्यंत बनत राहिल्या, शेवटपर्यंत मागे ड्रमच होते. सोव्हिएत मोटारींवर लुईस सीगलबॉम यांचं 'कार्स फॉर कॉम्रेड्स' हे पुस्तक वाचलंत तर लक्षात येईल की तिथला मालक गाडी स्वतःच दुरुस्त करायचा, सुटे भाग मिळवणं ही एक स्वतंत्र कसरत होती आणि रस्ते कधी संपतील याचा भरवसा नसायचा. अशा माणसासाठी दर थोड्या दिवसांनी पॅड मागणारी डिस्क सरस कशी? माझ्या मते मागचे ड्रम हेच त्या गाडीचं अपग्रेड होतं.

पण इथे थोडं सावध राहू. 'स्थानिक गरज ओळखून केलेला बदल नेहमीच शहाणा' असा उलटा नियम करून टाकायचा मोह होतो, तोही टाळा. मिलान ते नेपल्स हा 'आउतोस्त्रादा देल सोले' नावाचा महामार्ग १९६४ साली पूर्ण झाला होता. सामान भरलेली गाडी त्याच्यावरून तासन्‌तास वेगाने जाणार, अपेनाइन्स डोंगरांतून उतरणार, मध्येच कचकचून ब्रेक मारणार. तिथे चार डिस्कला अर्थ होता. दोन्ही निर्णय आपापल्या रस्त्यावर बरोबर होते. रस्ता न बघता फक्त गाडी बघणाऱ्या इतिहासाला यातला एक निर्णय चुकीचा वाटतो, एवढंच.

'आधी ड्रम, मग डिस्क' ही शिडी मुळातच किती कच्ची आहे ते १९०२ सालाकडे पाहिलं की कळतं. आतून फाकणारे शू असलेल्या ड्रम ब्रेकचं श्रेय सहसा फ्रान्सच्या लुई रेनो यांना देतात, साल १९०२. आणि बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेही १९०२मध्येच! म्हणजे ही आजोबा-नातवाची गोष्ट नाही, दोघं वर्गमित्र आहेत. मग डिस्क पन्नास वर्षं कुठे होती? लँचेस्टरच्या ब्रेकमध्ये घासणारे तुकडे तांब्याचे होते. ते किंचाळायचे, आणि त्या काळच्या धुळीच्या, कच्च्या रस्त्यांवर भराभर झिजायचे. धूळ आणि चिखल हे पात्र बर्मिंगहॅममध्येही होतं आणि दिमित्रोव्हमध्येही. १९४९ साली अमेरिकेत क्रॉस्ली या छोट्या कंपनीने आपल्या गाडीला डिस्क बसवल्या, तेव्हा बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने त्या खाल्ल्या आणि लवकरच त्या मागे घ्याव्या लागल्या.

पुढचा भाग सगळीकडे लिहिलेला सापडतो, म्हणून पटकन सांगून टाकतो. १९५३ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने डनलॉपच्या डिस्क ब्रेकांच्या जोरावर जिंकली, १९५५ साली सिट्रोएन डीएस पुढच्या डिस्क घेऊन आली, आणि दहा-पंधरा वर्षांत डिस्क साध्या गाड्यांपर्यंत पोचल्या. मोटारींच्या मासिकांना ही कथा फार प्रिय, कारण तिच्यात शर्यत आहे, नायक आहेत, विजय आहे. शर्यतीतून घरच्या गाडीत तंत्र आलं हे खोटं नाही. पण शर्यतीच्या रस्त्यावर खड्डे नसतात आणि दर फेरीनंतर पॅड बदलायला माणसं उभी असतात.

आता फियाटचंच दुसरं उदाहरण घेऊ, आपल्या घराजवळचं. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४पासून फियाट ११००डी बनवली. हीच पुढे सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. इकडे ती गाडी स्थिरावत असतानाच तिकडे इटलीत १९६६ साली ११००आर ही नवी आवृत्ती आली आणि तिला पुढे डिस्क ब्रेक मिळाले. आपली पद्मिनी मात्र त्याआधीच्या साच्यावरच राहिली. काळीपिवळी टॅक्सी म्हणून आपण जी ओळखतो ती चारही चाकांच्या ड्रमवर आयुष्यभर धावली.

का? पहिलं कारण तुम्हाला माहीत आहे: परवाने, परकीय चलनाची टंचाई, गाडीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. गिऱ्हाईक दारात रांग लावून उभं असताना ब्रेक सुधारायची घाई कुणाला असणार? हे कारण खरं आहे, आणि इथे मी कंपनीला रशियन इंजिनिअरांइतकी सूट द्यायला तयार नाही. रशियात चाचणी करून बदल केला गेला, इथे बदल न करणं परवडलं म्हणून केला गेला नाही. वरून दोन्ही गाड्यांत ड्रमच दिसतात. ड्रमपर्यंत पोचण्याचे रस्ते मात्र वेगळे आहेत, आणि तुमचं संशोधन या रस्त्यांचं असायला हवं.

तरीही 'मागास गाडी' म्हणून पद्मिनीची फाइल बंद करू नका. मुंबईच्या गर्दीत टॅक्सीचा वेग तो किती? तिथे ड्रम तापून निकामी व्हायची वेळ क्वचित. आणि ड्रमभोवती एक पूर्ण कसब उभं राहिलं होतं. लायनर झिजले की शू फेकायचे नाहीत. जुने लायनर काढून त्याच शूवर नवे लायनर रिव्हेट मारून बसवायचे. गल्लीतल्या छोट्या दुकानात हे काम होई आणि टॅक्सी लवकर धंद्याला लागे. डिस्कचा पॅड संपला की नवा विकत आणावा लागतो. दुरुस्तीवर चालणारी गाडी आणि सुट्या भागांवर चालणारी गाडी यांचं अर्थकारणच वेगळं असतं. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने 'द शॉक ऑफ द ओल्ड' या पुस्तकात हाच मुद्दा मोठ्या पटावर मांडला आहे: शोधांचा इतिहास आणि वापराचा इतिहास एक नसतो. प्रस्ताव लिहायला बसण्याआधी हे पुस्तक वाचाच.

मुंबईबाहेर पडलं की मात्र ड्रमची परीक्षा व्हायची. खंडाळ्याचा घाट, कसारा घाट. तिथला नियम जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी पाठ होता: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. म्हणजे काय, तर ब्रेकचं काम इंजिनावर टाकायचं आणि ड्रम थंड ठेवायचे. ब्रेकची उणीव माणसाच्या सवयीने भरून काढलेली होती. मग 'या गाडीचे ब्रेक कसे होते' या प्रश्नाचं उत्तर फक्त गाडीकडे बघून देता येईल का? ड्रायव्हरचा पाय, त्याला मिळालेली शिकवण, घाटाचा उतार हे सगळं त्या ब्रेकचाच भाग होतं. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला आणि हे गणित विसकटलं. वेग वाढला, गाड्या बदलल्या. गिअरमध्ये उतरायचा धडा मात्र नव्या ड्रायव्हरांपर्यंत किती पोचला, हा एक चांगला प्रबंध-विषय आहे. कुणी घेणार असेल तर घ्या.

आता लायनर कशाचे होते त्याकडे येऊ, कारण या इतिहासाची सगळ्यात जड बाजू तिथे आहे.

१८९७च्या सुमारास इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने पाहिलं की डोंगर उतरताना शेतकरी घोडागाडीच्या लाकडी ब्रेकवर जुन्या बुटांचे तळवे ठोकतात. पकड चांगली येते म्हणून. (ही कथा थोडी चकचकीत वाटते, पण कंपनीच्या इतिहासात ती अशीच सांगतात.) त्याने चांगले लायनर बनवायचा धंदा काढला, स्वतःच्या आडनावाची अक्षरं फिरवून आणि बायको एलिझाबेथच्या नावातलं 'ई' त्यात घालून 'फेरोडो' हे नाव ठेवलं, आणि १९०८च्या सुमारास लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरायला सुरुवात केली. ॲस्बेस्टॉस जळत नाही, कापसासारखं विणता येतं, स्वस्त आहे. ब्रेकच्या इतिहासात याहून मोठं अपग्रेड शोधून सापडणार नाही. लँचेस्टरची किंचाळणारी डिस्कसुद्धा ॲस्बेस्टॉसच्या लायनिंगनेच शांत झाली. पुढची साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक ड्रमच्या लायनरमध्ये आणि डिस्कच्या पॅडमध्येही ते होतं, अनेकदा वजनाच्या निम्म्याच्या आसपास.

१९२४ साली रॉशडेल गावात नेली केरशॉ ही ॲस्बेस्टॉसचं सूत कातणारी कामगार बाई वयाच्या ३३व्या वर्षी वारली. विल्यम कुक या डॉक्टरने तिच्या फुप्फुसांची तपासणी करून त्याबद्दल वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. ती ज्या टर्नर ब्रदर्समध्ये काम करत होती, ती कंपनी ज्या उद्योगसमूहात होती त्याच समूहात फेरोडोही दशकाच्या मध्यात सामील झाली. १९३० साली मेरेवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला, १९३१ साली ब्रिटनमध्ये नियम झाले. त्या नियमांचा भर कारखान्यातल्या धुळीवर होता. गॅरेजमध्ये ड्रम उघडून आतली राखाडी भुकटी हवेच्या नळीने फू करून उडवणारा माणूस त्यात जवळजवळ नव्हताच.

या माणसाचं पुढे काय झालं? इथे तुम्हाला संशोधनातला खरा वाद भेटेल. एक बाजू म्हणते की ब्रेकच्या उष्णतेने ॲस्बेस्टॉसचे बहुतेक तंतू दुसऱ्याच खनिजात बदलतात आणि मेकॅनिकांच्या पाहण्यांत कर्करोगाचं प्रमाण स्पष्टपणे वाढलेलं दिसत नाही. दुसरी बाजू म्हणते की नवे लायनर घासताना, भोकं पाडताना उडणारी धूळ तापलेली नसते, हा आजार दिसायला २० ते ४० वर्षं लागतात, आणि यातल्या काही अभ्यासांना पैसा खटले अंगावर आलेल्या वाहन कंपन्यांनीच पुरवला होता. कुणाचा पैसा म्हणजे निष्कर्ष खोटा असं आपोआप ठरत नाही. पण कोणता अभ्यास कधी, कुणाच्या खर्चाने आणि कोणत्या खटल्याच्या आगेमागे झाला याचा तक्ता केल्याशिवाय या वादावर एक ओळसुद्धा लिहू नका.

ब्रिटनने १९९९ साली ॲस्बेस्टॉसवर बंदी पूर्ण केली, युरोपीय संघाने २००५ साली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं, पण सरसकट बंदी आली नाही. रिव्हेट मारून लायनर बसवणाऱ्या ज्या कसबाचं मी वर कौतुक केलं, त्याची धूळ कुणाच्या छातीत गेली हेही त्याच कसबाच्या इतिहासात लिहावं लागेल. दुरुस्तीच्या संस्कृतीवर हल्ली बरंच छान छान लिहिलं जातं. त्यात हा भाग सहसा गाळलेला असतो.

शेवटचं उदाहरण पद्धतीसाठी. ऐंशीच्या दशकात म्युनिकमध्ये एका टॅक्सी कंपनीच्या गाड्यांवर एक प्रयोग झाला. काही गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. बाकीच्या तशाच गाड्यांना ती नाही. तीन वर्षांच्या अपघातांची नोंद ठेवली. काही गाड्यांत ड्रायव्हरला न सांगता वेग-त्वरण मोजणारी यंत्रं लावली. गाडीत एबीएस आहे की नाही हे माहीत नसलेले निरीक्षक साधे प्रवासी बनून बसले आणि चालकाची शैली टिपत राहिले. निकाल असा लागला की दोन्ही गटांच्या अपघातांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. एबीएसवाले ड्रायव्हर मात्र वळणं जास्त जोरात घेत होते, पुढच्या गाडीच्या जास्त जवळ जात होते. चांगल्या ब्रेकचा फायदा त्यांनी वेगात खर्च करून टाकला होता.

हा अभ्यास फार वापरला जातो, आणि फार चुकीच्या पद्धतीने. 'एबीएसचा उपयोग नाही' असं त्यातून निघत नाही. ओल्या रस्त्यावर एबीएस असेल तर ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग चालतं, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. प्रयोगातले लोक धंदेवाईक चालक होते, वेळ म्हणजे पैसा होता, आणि आपल्या गाडीत काय बसवलंय हे त्यांना माहीत होतं. नंतर अमेरिकेतल्या मोठ्या आकडेवारीत दिसलं की एबीएसमुळे समोरच्या गाडीवर आदळणं कमी झालं, पण गाडी रस्ता सोडून जाण्याचे अपघात वाढले, आणि जीवघेण्या अपघातांची बेरीज जवळजवळ तिथेच राहिली. 'ब्रेक सुधारला का' आणि 'रस्ता सुरक्षित झाला का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर चाचणी-मैदानावर मिळतं, दुसऱ्याचं शहरात. दोन्हींचे पुरावे एकमेकांच्या जागी वापरलेले प्रबंध मी बरेच वाचलेत.

आजही गाडीला मोठ्या डिस्क आणि लाल रंगाचे कॅलिपर लावून घेणारे हौशी लोक आहेत. ज्या ब्रेकने चाक आधीच लॉक होऊ शकतं, तिथे मोठी डिस्क एका जोरदार ब्रेकचं अंतर फारसं कमी करत नाही, कारण पकड टायरची. ताशी ६० किलोमीटर वेगाला कोरड्या चांगल्या रस्त्यावर १८ मीटरच्या आसपास लागतात, डिस्क कुठलीही असो. मोठी डिस्क कामाला येते ती वारंवार ब्रेक लावताना, उष्णता झेलायला. त्याच गाडीत ब्रेक ऑइल कित्येक वर्षं बदललेलं नसतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं; डॉट ३ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा धरलेल्याचा १४०पर्यंत चालतो. घाटात ते उकळलं की पेडल सरळ तळाला. म्हणजे काही शे रुपयांचं ऑइल हे बहुतेक गाड्यांसाठी लाल कॅलिपरपेक्षा मोठं अपग्रेड.

आणि इथेच संशोधकाची पंचाईत होते. लँचेस्टरचं पेटंट मिळतं, जॅग्वारच्या शर्यतीचे फोटो मिळतात. ऑइल बदलल्याचा पुरावा कुठे मिळणार? सर्व्हिस मॅन्युअलमध्ये, सुट्या भागांच्या जुन्या कॅटलॉगांत, टॅक्सीमालकाच्या हिशेबाच्या वहीत, आणि माणसांच्या आठवणीत. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी ऑक्टोबर २००३मधली, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. तिचे ड्रम उघडणारे मेकॅनिक अजून आहेत, बरेचसे साठी-सत्तरीतले. विषय जुळत असेल तर आधी आपल्या विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी आणि बोलणाऱ्याची लेखी संमती घ्या, कारण बोलणं तब्येतीवर येणारच आहे. मग रेकॉर्डर घेऊन जा. 'तुमच्या काळात ब्रेक कसे होते' असं विचारू नका, उत्तर 'चांगले होते' एवढंच येईल. लायनर कोणत्या दुकानातून आणायचे, भोकं कुठे बसून पाडायचे आणि ती भुकटी झाडून कुठे टाकायचे, हे विचारा.